शब्दाला पाच सेंट

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, एका जुन्या मुद्रितशोधकाची उत्तरं

गेल्या अंकात काउबॉयच्या कादंबऱ्यांवर मी चार ओळी लिहिल्या आणि ओघात मॅक्स ब्रँड या अमेरिकन लेखकाचं नाव घेतलं. ‘हे आता कोण वाचतंय?’ म्हणत संपादकांनी ते वाक्य खोडायला पेन्सिल उचललीच होती. पण सात पत्रं आली. या सदराला सात पत्रं म्हणजे महापूर. एरवी दोन येतात. एक ऱ्हस्व-दीर्घाबद्दल असतं आणि दुसरं माझा छापलेला फोटो फार तरुणपणीचा आहे या तक्रारीचं. तेव्हा या वेळची सगळी जागा ब्रँडसाहेबांना. शुद्धलेखनवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : मी निवृत्त पशुवैद्य आहे. ब्रँडच्या कादंबरीत घोडा दमला की वाचताना मलाच धाप लागते. हा माणूस खरंच काउबॉय होता का हो?

उत्तर : डॉक्टर, घोडे त्याने जवळून पाहिले होते, पण तुमच्या मनातला काउबॉय व्हायला तो जन्मलाच उशिरा. खरं नाव फ्रेडरिक फाउस्ट, जन्म 29 मे 1892, सिएटलचा. आता तारखा लावून बघा. टेक्सासमधून गुरांचे कळप हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे, हा काउबॉयचा मूळ धंदा. तो 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात जोरात सुरू झाला आणि वीसेक वर्षांत आटोपलाही. 1874 साली काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या माळांना कुंपणं पडत गेली. रेल्वे आणखी आत शिरली. मग 1886-87 च्या हिवाळ्यात बर्फात इतकी गुरं मेली की मोठमोठे मालक बसले. 1890 च्या जनगणनेत तर सांगूनच टाकलं की वस्तीची सरहद्द म्हणून दाखवावी अशी रेघ आता उरलेली नाही. फाउस्ट पाळण्यात आला तेव्हा त्या जगाचे दिवसकार्य उरकले होते म्हणा ना.

हाल मात्र त्याने अस्सल भोगले. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आणि पुढे पाचेक वर्षांत वडीलही गेले. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात नातेवाइकांच्या दारी वाढला, शेतांवर आणि रँचवर मजुरी केली. मोडेस्टोच्या शाळेचे मुख्याध्यापक त्याचे लांबचे नातेवाईक लागत, त्यांनी घरी ठेवून घेतलं म्हणून शिक्षण झालं. तिथून बर्कलीचं विद्यापीठ. तिथे लेखन भरपूर, दंगाही भरपूर. 1915 साली वर्गातल्या सगळ्यांना पदव्या मिळाल्या, याची अडवून ठेवली. युद्धावर जायची भारी हौस, म्हणून कॅनडाच्या सैन्यात भरती झाला. तिथून समुद्रापार कुणी पाठवेना, तेव्हा सरळ पळाला आणि न्यूयॉर्कला आला. खिशात दमडी नव्हती. डोक्यात होमर होता.

तुम्हाला लागणारी धाप त्या खोऱ्यातल्या मजुरीची आहे. बाकीचा सगळा पश्चिम त्याने पुस्तकांतून आणला, आणि तीही पश्चिमेबद्दलची पुस्तकं नव्हेत. त्याच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. जरा वातावरण बघून ये, चार काउबॉयना भेट, म्हणून त्याला टेक्सासच्या एल पासो गावी पाठवलं. गडी हॉटेलच्या खोलीत ग्रीक नाटककार सोफोक्लीस वाचत बसला. किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण कादंबऱ्या वाचल्यावर खोटा वाटत नाही. ‘द अनटेम्ड’ उघडा, 1918 साली क्रमशः आलेली. नायक डॅन बॅरी शीळ घालत रानोमाळ हिंडतो. बरोबर सेटन नावाचा काळा घोडा आणि ब्लॅक बार्ट नावाचा, लांडगाच म्हणावा असा कुत्रा. तिघांचं एकमेकांशी बोलणं चालतं ते माणसांना कळत नाही. पहिल्या प्रकरणाचं नावच ‘वाळवंटातला पॅन’. ग्रीकांच्या त्या पावा वाजवणाऱ्या वनदेवाला या पठ्ठ्याने रुंद काठाची टोपी घातली आणि कमरेला पिस्तूल दिलं! गावांची नावं, नद्या, नकाशा यांची त्याला फिकीर नव्हती. ‘डोंगर-वाळवंट’ असा एक मोघम मुलूख त्याने करून घेतला आणि आयुष्यभर त्यातच घोडे दामटले.

प्रश्न : पल्प पल्प म्हणतात ते नक्की काय? हलकं साहित्य असा अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ नंतर चिकटला. आधी तो कागद होता, आणि कागदाचा विषय निघाला की मला आवरत नाही, म्हणून वाचकांची आगाऊ माफी मागतो.

लाकडाचा लगदा (इंग्रजीत पल्प) नुसता दळून केलेला कागद स्वस्त पडतो, पण त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. ऊन-हवा लागली की पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि वर आम्ल असल्यामुळे घडीवर तुटतो. चाळीस-पन्नास वर्षांनी असा अंक उघडलात तर मांडीवर पानाच्या कडांचा भुगा पडतो. फ्रँक मन्सी नावाच्या प्रकाशकाने 1896 साली आपलं ‘आर्गसी’ हे मासिक या कागदावर, संपूर्ण गोष्टींनी भरून, दहा सेंटला काढलं. चित्रं नाहीत, गुळगुळीत पानं नाहीत, नुसता मजकूर. आकार साधारण सात इंच बाय दहा इंच. तिथून ही जात सुरू झाली. मुखपृष्ठ मात्र भडक आणि चकचकीत, कारण ते टपरीवर लांबून दिसायला हवं. ग्लेझ्ड कागदावरच्या मासिकांत जाहिरातींचा पैसा असे, ती लेखकाला चांगले पैसे देत. पल्पची मदार मुख्यतः खपावर. त्यामुळे हिशेब उघडा होता : गोष्ट घ्या, शब्द मोजा, पैसे द्या. सर्वसाधारण लेखकाला शब्दाला एक सेंट, नवख्याला त्याहून कमी.

टारझन पहिल्यांदा 1912 साली मन्सीच्याच ‘ऑल-स्टोरी’त उगवला, झोरो 1919 साली तिथेच. फाउस्टला पहिला आधार दिला तोही ‘ऑल-स्टोरी’चे संपादक बॉब डेव्हिस यांनी, 1917 साली. मग 1919 मध्ये स्ट्रीट अँड स्मिथ या कंपनीने बफेलो बिलच्या गोष्टींचं आपलं जुनं साप्ताहिक मोडून ‘वेस्टर्न स्टोरी मॅगझीन’ सुरू केलं. नुसत्या काउबॉय-गोष्टींचं असं ते पहिलंच. आठवड्याला एक अंक! त्याच्या पोटात कोळसा घालायला माणूस हवा होता, आणि तो फाउस्टच्या रूपाने मिळाला. तिथे त्याचा दर चढत चढत शब्दाला पाच सेंटवर गेला.

प्रश्न : अडीच-तीन कोटी शब्द लिहिले असं वाचलं. एका माणसाला शक्य आहे का? पगारी लेखक ठेवले असणार.

उत्तर : संशय रास्त आहे, पण लिहिलं त्याने स्वतःच. कमीत कमी आकडा धरू, अडीच कोटी. पहिली गोष्ट 1917 ची, मृत्यू 1944 चा, म्हणजे सत्तावीस वर्षं. वर्षाला सव्वानऊ लाख शब्द. दिवसाला अडीच हजार. रविवार, ताप, भांडण, प्रवास, पोराचं बारसं, कशाचीही सुट्टी धरलेली नाही. हे सदर साधारण तेवढ्याच शब्दांचं असतं आणि मला त्याला दहा दिवस लागतात, त्यातही संपादकांचे दोन फोन.

त्यात 1921 साली हृदयाने दगा दिलेला, तोही तिशी गाठण्याआधी. डॉक्टरांनी जपायला सांगितलं असणारच. जपला नाही.

ही गती कशी साधली याचं रहस्य मला त्याच्या वाक्यांत दिसतं. आमच्या क्षेत्रात मोबदला कशाच्या मापाने मिळतो त्यावर गद्याचा बांधा ठरतो, हे मी प्रुफं तपासता तपासता शिकलो. मी स्वतः तरुणपणी अकरा रहस्यकथा लिहिल्या आहेत. (शोधू नका. एकही वाचण्यासारखी नाही.) आम्हाला फॉर्मावर पैसे मिळायचे, सोळा पानांचा एक फॉर्म. म्हणून आम्ही ओळी वाढवायचो.

“कोण?”
“मी.”
“मी कोण?”

झाल्या तीन ओळी, आणि अजून दार उघडलेलं नाही. अमेरिकेत माप शब्दाचं, म्हणून तिथल्या लेखकाचा नायक नुसता वळत नाही. तो हळूच, अगदी हळूच, जणू काही घाईच नसल्यासारखा वळतो. ब्रँडमध्येही हा पाणी घालण्याचा प्रकार आहे, नाही कशाला म्हणू? पण पाठलाग सुरू झाला की तो हिशेब विसरतो. वाक्यं आखूड होतात, विशेषणं गळतात, आणि तिथे त्याचे स्वतःचेच पैसे बुडतात. असल्या जागा मला फार आवडतात.

प्रश्न : इतकी टोपणनावं कशासाठी? माझ्याकडच्या तीन पुस्तकांवर तीन वेगळी नावं आहेत आणि आत माणूस तोच, असं मुलगा म्हणतो.

उत्तर : मुलगा हुशार आहे. मॅक्स ब्रँड, जॉर्ज ओवेन बॅक्स्टर, डेव्हिड मॅनिंग, इव्हान इव्हान्स, जॉन फ्रेडरिक, पीटर हेन्री मॉर्लंड, जॉर्ज चॅलिस : सगळा एकच इसम, आणि यादी इथे संपत नाही, वीसच्या आसपास जाते. मॅक्स ब्रँड हे पहिलं महत्त्वाचं नाव पहिल्या महायुद्धात आलं. जर्मनांविरुद्ध हवा तापलेली असताना फाउस्ट हे आडनाव मुखपृष्ठावर कोण छापणार? पुढची नावं धंद्याच्या गरजेने आली. ‘वेस्टर्न स्टोरी’च्या एका अंकात त्याचा दोनदोन-तीनतीन गोष्टींचा मजकूर असे, वाचकाला वाटायचं तीन लेखकांची मेजवानी आहे.

माझी नावं तीन होती. एकदा बायकोने लायब्ररीतून एक पुस्तक आणलं, रात्रीत वाचून संपवलं आणि सकाळी चहा देताना म्हणाली, “अहो, शेवट अगदीच पाडलाय हो मेल्याने.” मी चहा प्यायलो. पुस्तक माझंच होतं. तिला हे सांगायला मी सहा वर्षं घेतली.

प्रश्न : मी इतिहास शिकवते. या कादंबऱ्यांत मूळ निवासी एक तर रानटी असतात किंवा थोर आणि मरणोन्मुख. काळे काउबॉय तर दिसतच नाहीत. तुम्ही कौतुक करताना हे विसरता का?

उत्तर : बाई, गेल्या अंकात विसरलो होतो, कबूल. गुरं हाकणाऱ्यांमध्ये काळे आणि मेक्सिकन मिळून लक्षणीय संख्येने होते. नुसत्या काळ्यांचा आकडा कित्येक इतिहासकार चारांत एक असा धरतात. त्या धंद्याची भाषाच मेक्सिकनांची : लॅसो, रँच, ब्राँको, रोडिओ, सगळे शब्द स्पॅनिशमधून आलेले. पल्पने शब्द ठेवून घेतले आणि माणसं गाळली. मुद्रितशोधकाच्या भाषेत याला ‘मजकूर सुटला’ म्हणतात; फरक एवढाच की इथे तो चुकून सुटलेला नाही.

फाउस्टची बाजू घ्यायची तर ‘थंडर मून’ची मालिका दाखवता येते, 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातली. शायेन या मूळ निवासी लोकांत वाढलेल्या मुलाची गोष्ट, आणि त्यांच्या चालीरीती, त्यांचे देवधर्म, लढाईतले त्यांचे मान-अपमान तो मन लावून लिहितो. शायेन तिथे सोंगट्या नाहीत, माणसं आहेत. पण तुम्ही ओळखलंच असेल : नायक जन्माने गोराच. शायेनांच्या गोष्टीतही मधल्या पाटावर गोरा बसवल्याशिवाय संपादकाला आणि वाचकाला जेवण जात नव्हतं. बायकांचंही तसंच काहीसं. फक्त ‘द अनटेम्ड’च्या मालिकेतली केट कंबरलँड मला वेगळी वाटते. तिसऱ्या भागात ती जे करते ते त्या काळच्या कुठल्याही नायिकेने केलं नसतं, पण ते सांगितलं तर पुढचं पत्र लिहिणारे गृहस्थ रागावतील.

प्रश्न : कृपया कुठल्याही कादंबरीचा शेवट सांगू नये. सुरुवात कुठून करावी तेवढंच सांगावं.

उत्तर : ‘डेस्ट्री राइड्स अगेन’, 1930. बारा जणांच्या ज्युरीने तुरुंगात धाडलेला हॅरी डेस्ट्री सुटून गावी येतो, आणि ज्याला सगळे टरकून असत तो आता पार खचलेला, भेदरट दिसतो. पुढचं तुम्ही वाचा. सिनेमा पाहून कादंबरी वाचल्यासारखं करू नका. 1939 च्या सिनेमात नावाखेरीज फारसं काही उरलेलं नाही. त्यातल्या डेस्ट्रीचं पहिलं नावसुद्धा निराळं आहे आणि तो पिस्तूलच बाळगत नाही. छान सिनेमा आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा.

प्रश्न : आई सांगते, डॉक्टर किल्डेअरची मालिकाही याचीच. काउबॉयवाला दवाखान्यात कसा गेला?

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. बरोबर सांगतात. तीसच्या दशकात मंदी आली, पल्पवाल्यांनी दर पाडले आणि फाउस्टला ग्लेझ्ड कागदाच्या मासिकांकडे वळावं लागलं. जॉर्ज फिश नावाचे न्यूयॉर्कचे डॉक्टर त्याचे मित्र होते, त्यांच्याकडून ऐकलेल्या हकिगतींवर त्याने हा तरुण डॉक्टर उभा केला. पहिली गोष्ट 1936 ची, ‘कॉस्मोपॉलिटन’मधली. 1937 साली एक सिनेमा आला, 1938 पासून एमजीएमने सिनेमांची रांग लावली, आणि तुमच्या आईंना आठवते ती रिचर्ड चेंबरलेनची टीव्ही मालिका 1961 ते 1966 ची. तोवर फाउस्टला जाऊन सतरा वर्षं झाली होती. आणि किल्डेअर बघाल तर मुळात डॅन बॅरीचाच भाऊ आहे : आपल्या अंगच्या कसबाने पछाडलेला, माणसांत धड न बसणारा. पिस्तुलाच्या जागी स्टेथोस्कोप.

प्रश्न : काका, मी चोवीस वर्षांची आहे. एका मालिकेचे भाग लिहिते, भागाप्रमाणे पैसे मिळतात, नाव दुसऱ्याचंच लागतं. रात्री कविता करते. कॉलेजच्या मैत्रिणींना मालिकेबद्दल सांगायची लाज वाटते. तुमचा तो मॅक्स ब्रँड लाजत होता का?

उत्तर : लाजत होता. चांगलाच. तुझं पत्र मी शेवटाकडे ठेवलं ते याचसाठी, की फाउस्टची खरी गोष्ट हीच आहे.

त्याला कवी व्हायचं होतं. साधासुधा नाही, महाकवी. दोन संग्रह स्वतःच्या नावाने छापले, 1922 साली ‘द व्हिलेज स्ट्रीट’ आणि 1931 साली ‘डायोनायसस इन हेडीस’. खरं नाव त्याने राखून ठेवलं ते कवितेसाठी. कादंबऱ्यांवर घालायला बाकीची विसेक होती. डोळ्यांपुढे चित्र आण : 1926 पासून हा माणूस इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवर एका जुन्या व्हिलात राहतोय, बायको, तीन मुलं, नोकरचाकर, टेनिसचं कोर्ट. खर्च नेहमी मिळकतीच्या दोन पावलं पुढे. हे सगळं चालवायला दुपारभर टाइपरायटरवर टेक्सासच्या धुळीचे लोट उठवायचे आणि त्या पैशावर ग्रीक देवांच्या ओळी घडवायच्या.

पाच सेंट म्हणजे किती, ते मी एकदा मांडून पाहिलं. गुरं हाकण्याच्या काळात खऱ्या काउबॉयला महिन्याला तीस-चाळीस डॉलर मिळत. तीस धर. तीस डॉलर म्हणजे फाउस्टचे सहाशे शब्द. धुळीत, पावसात, कळपाच्या मागे महिनाभर घोड्यावर बसून एका माणसाने जे कमावलं ते हा दोन-अडीच पानांत कमवायचा. काळ वेगळा, डॉलरची किंमत वेगळी, सगळं मान्य. तरी मला तो आकडा टोचतो. ज्याला हे मिळत होतं तोही स्वतःला वाया गेलेला समजत होता.

आणि कविता? मी वाचल्या आहेत. खोटं बोलत नाही, जड जातात. जुन्या थोरांचे अंगरखे चढवून उभ्या आहेत, बाह्या लांब होतात. त्यांच्यात कष्ट दिसतात, भीड दिसते. आणि ज्या डॅन बॅरीला तो पोटापाण्याचं खातं समजायचा, त्याच्यात पॅन जिवंत आहे. पहिल्यांदा तोंडावर फटका बसून स्वतःच्या रक्ताची चव कळते तेव्हा त्याच्या डोळ्यांत पिवळी झाक येते, ती जागा काढून बघ. कवितेत त्याला जे जमत नव्हतं ते तिथे होऊन बसलंय, कारण तिथे कुणी महाकवी बघत नव्हता.

म्हणून कविता सोड, असं मी म्हणत नाहीये हं. सोडली असती तर डॅन बॅरी आला कुठून असता? होमर-सोफोक्लीसचा रियाज त्या धुळीत उतरला म्हणून ती धूळ अजून झटकली गेली नाही. मला त्याचं एवढंच चुकलं वाटतं, की त्याने दोन खोल्यांमधलं दार लावून घेतलं आणि एका खोलीत असताना दुसरीची लाज बाळगली. तू मालिकेच्या भागात एखादी ओळ अशी घाल की फक्त तुला कळावं ती कुठून आली. दिग्दर्शक कापेल. पुढच्या भागात पुन्हा घाल.

दुसरं, कामाचं. पैसे भाग पोचता करण्याआधी ठरवून, लेखी घे. माझ्या एका प्रकाशकाने ‘फॉर्म सोळा पानांचा, पण आपण चौदा मोजू, दोन पानं जाहिरातीची’ असं छापून झाल्यावर सांगितलं होतं. अकरा पुस्तकांत किती पानं गेली ते मोजायचं मी सोडून दिलंय.

मैत्रिणींना सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी बायकोला सांगायला सहा वर्षं लावली, तेव्हा मी काय सल्ला देणार? पण सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “मग शेवट बदलून दे.”

प्रश्न : तो युद्धात मेला, हे खरं? लेखकांबद्दल अशा कहाण्या पुष्कळ पसरतात.

उत्तर : खरं आहे. पहिल्या महायुद्धाने त्याला आघाडीवर जाऊ दिलं नाही, ते त्याच्या मनात राहून गेलं होतं. दुसऱ्यात तो ‘हार्पर्स’ मासिकाचा वार्ताहर म्हणून गेला, एक्कावन्न वर्षांचा, बिघडलेलं हृदय घेऊन, हॉलिवूडची चालू नोकरी सोडून. अमेरिकेच्या 88 व्या पायदळ डिव्हिजनबरोबर इटलीत पोचला. 11 मे 1944 च्या रात्री सांता मारिया इन्फान्ते या गावावर हल्ला सुरू झाला. वार्ताहराला मागे थांबता आलं असतं. हा पुढे चालणाऱ्या सैनिकांबरोबर गेला आणि तोफगोळ्याचे तुकडे लागून 12 मे रोजी गेला. ज्या देशात बसून त्याने पिस्तुलाच्या हजारो लढती टाइप केल्या, त्याच देशात त्याच्यावर पहिली खरी लढाई आली. पुढे कितीतरी वर्षं जुन्या अंकांतल्या त्याच्या गोष्टी काढून पुस्तकं बांधली गेली, त्यातली बरीचशी मॅक्स ब्रँड या नावाने. जी आडनावं जिवंतपणी वेगवेगळी कमावत होती ती मेल्यावर एका मुखपृष्ठाखाली आली. फाउस्ट हे नाव बहुतेक वेळा आत, बारीक टाइपात.

दुरुस्ती : गेल्या अंकात मी ‘डेस्ट्री’वरचा जेम्स स्ट्युअर्टचा सिनेमा 1932 चा असल्याचं लिहिलं होतं. सातवं पत्र याबद्दल होतं, तेही लाल शाईत. 1932 चा सिनेमा टॉम मिक्सचा. स्ट्युअर्ट आणि मार्लीन डीट्रिखचा 1939 चा. चाळीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासलेल्या माणसाकडून ही चूक झाली. पत्रलेखकाने स्वतःच्या पत्रात ‘दुरुस्ती’तला ‘दु’ दीर्घ लिहिला आहे, ही बाब मी मुद्दाम नमूद करत नाही.